मोटारसायकलवर विणलेली बाज

संगीता,

तुला न्यायच्या आधी कासारणीला बोलावून तुझ्या हातात हिरवा चुडा भरला. सवाष्ण गेलीस, रीतच आहे ती. कासारीण रडत होती आणि भरत होती, आणि मी तुझं मनगट धरून बसले होते. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते तिथं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुला सांगते. एवढी काच हातात, आणि वर बाही चढवलेली नाही, असं हिला बाहेर कसं पाठवायचं? मी उठून तुझ्या कपाटापर्यंत गेले. जाडसर कापडाची ती निळी बाही हातात घेतली. मग ठेवली आणि परत येऊन बसले.

तेराव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा चालू होती. चहाचं पातेलं उतरत नव्हतं. येणारा प्रत्येक जण आधी ओट्यावर बसायचा, मग अंगणात उभ्या असलेल्या तुझ्या मोटारसायकलीकडं बघायचा आणि मग आवाज खाली करून विचारायचा, "घाटात पडली का?"

मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "ताप. दवाखान्यात. खाटेवर." कुणी दुसऱ्यांदा विचारलं तर दुसऱ्यांदा सांगितलं. आपल्या भावकीतले एक दादा मान हलवत म्हणाले, "तरी म्या म्हनत होतो, बाईच्या जातीला मोटारसायकल कावून पायजे?" मी म्हटलं, "दादा, धारूरचा घाट ती रोज उतरत होती. तिचं एक हाड मोडलं न्हाई. तुमच्या धाकट्याच्या पायात सळई हाय ती कुठून आली?" दादांनी चहा पिऊन घेतला. तू असतीस तर आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली असतीस.

पण एक वाक्य मात्र मला लागलं. पलीकडच्या आळीतली एक बाई म्हणाली, "डोक्यात टोप घालून फिरली, काय उपयोग झाला मंग? जायची ती गेलीच." ती वाईट बोलली नाही गं, दुःखानं बोलली. पण तिच्या शेजारी आपल्या बचत गटातल्या बाया बसल्या होत्या, तू ज्यांना हेल्मेट घ्यायला लावलंस त्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. हेल्मेट तापासाठी नसतं, हे त्यांना कळतं. तरी असलं वाक्य एकदा कानात शिरलं की खुंटीवरचं हेल्मेट खुंटीवरच राहतं.

आता मुद्द्याचं. बालाजी भाऊजींनी गाडी विकायला काढली होती.

त्यांना दोष देऊ नकोस. मला म्हणाले, "आक्का, ती गाडी दारात दिसती आन् मला वाटतं ही आत हाय. भाकरी थापायलीय. मंग मी आत जातो." एवढंच बोलले आणि गोठ्याकडं गेले. पण इकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ जवळ येतेय. दिवाळी झाली की निम्म्या वस्त्या मोकळ्या होतील. मागं राहतील म्हातारी माणसं आणि शेळ्या. टोळ्या निघायच्या आत लशीची फेरी झाली नाही, तर नंतर शेळी धरायलाही माणूस सापडत नाही, हे तूच मला सांगायचीस. त्या वस्त्यांवर एसटी जात नाही. लशीचा बर्फाचा डबा घेऊन कुणी डोंगर चढत नाही. गाडी गेली की फेरी गेली, आणि फेरी गेली की तू इतकी वर्षं जमवलेलं सगळं गेलं. मी माझ्या सवयीनं कामांची यादी केली होती: दहावा, तेरावा, कागदपत्रं, भांडी परत करणं. त्यात हे सगळ्यात वर लिहिलं आणि पुढं काही लिहिता आलं नाही.

लोक तुला शेळ्यांची डॉक्टरीण म्हणायचे. तू दरवेळी दुरुस्त करायचीस, "पशुसखी म्हना. डॉक्टर दवाखान्यात बसतेत, म्या दारात येते." तुझ्या बोलण्यात एवढा तोरा, आणि पहिल्यांदा हेल्मेट घ्यायला गेलो तेव्हा काय झालं होतं?

बीडच्या त्या दुकानात आपण दोघी जावा, मी यादी घेऊन आणि तू तुझा तो मुठीएवढा अंबाडा घेऊन. दुकानदारानं एकामागून एक हेल्मेटं दिली. एकही खाली उतरेना. शेवटी सगळ्यात मोठं उतरलं, आणि असं गच्च बसलं की तू आरशात बघून म्हणालीस, "हे माज्यासाठीच केलतं." मी यादीवर खूण केली. आयएसआयचा शिक्का बघितला, काच पांढरी घेतली, संध्याकाळी परतताना काळी काच नको म्हणून. हनुवटीखाली पट्टा लावून दोन बोटं जातात का तेही बघितलं. सगळं यादीप्रमाणं झालं. आपण वाटेत पाली गावापाशी उतरून चहा प्यालो आणि बिंदुसरा धरणाच्या पाण्याकडं बघत स्वतःवर खूश झालो.

शुक्रवारी तू डोक्यावरून न्हालीस. ओले केस मोकळे, आणि जनावरांच्या दवाखान्यातून फोन आला म्हणून तशीच निघालीस. हेल्मेट घातलंस, मान वळवलीस, तर हेल्मेट जागच्या जागी. तुझं नाक पट्टीच्या कडेला. आतून आवाज आला, "आक्का, म्या फिरायलेय, हे फिरना झालंय!"

आपण हेल्मेट डोक्याला घेतलंच नव्हतं. अंबाड्याला घेतलं होतं.

मग तुझं डोकं चाललं, आणि तुझं डोकं चाललं की मला धडकी भरायची. तू धाकट्या मापाचं हेल्मेट कुणाचं तरी आणलंस, मांडीवर पालथं घातलंस आणि चमचा घेऊन आतलं थर्माकोल खरवडायला बसलीस, अंबाड्यापुरता खड्डा करायला. मी चमचा हिसकावला.

"अगं, वरचं कवच दिसायला असतंय. मार खातं ते हे थर्माकोल. हेच काढलंस तर घमेलं घाल डोक्यात."

"घमेलं थंड तरी ऱ्हाईल."

"संगीता!"

"बरं बरं. तुमी काय कुणाला खड्डा पडू देत न्हाई."

परत बीडला गेलो. त्याच दुकानात, भरल्या बाजारात, दुपारी, तू पिना काढल्यास आणि केस सोडलेस. घरच्या देवळीतल्या आरशासमोर सोडतात तसे. मला वाटलं आता दुकानदार आपल्याला बाहेर काढतो. त्या बिचाऱ्यानंच पाठ फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. तू केसांची वेणी घातलीस, ती पाठीवर सोडलीस आणि मग एकेक हेल्मेट घालून मान हलवलीस, वर-खाली, डावी-उजवी. गालाला दाबतंय का, कपाळाला टोचतंय का. जे बसलं ते पहिल्यापेक्षा दोन मापं लहान होतं. दुकानदार पाठमोराच म्हणाला, "ताई, आता वळू का?"

तेव्हापासून गटातल्या कुणालाही हेल्मेट घ्यायचं असलं की तू आधी तिचा अंबाडा सोडायचीस. "वेणी घालून जा. लाजली तर डोकं गेलं." आज आपल्या गावात अंबाडे मानेवर उतरलेत संगीता. लग्नात बघ, पूर्वीसारखे टाळूवर बांधलेले दिसत नाहीत. लोकांना वाटतं फॅशन आली. मला आणि तुला माहीत आहे.

मामांशी तुझा पहिला खटका पदरावरून. सासऱ्यासमोरून सून डोक्यावर पदर न घेता पारापुढून जाणार, हे त्यांना पटेना. जेवताना म्हणाले, "गावासमोर तरी डोकं झाकावं मान्सानं." तू ताटात भाकरी वाढत शांतपणे म्हणालीस, "मामा, पदर वाऱ्यानं उडतो. ह्याला पट्टा हाय." मामांनी कालवणात भाकरी कुस्करली. पण दुसऱ्या दिवशी तू पारापुढून गेलीस तेव्हा कुणी तरी हसलं, तर मामाच म्हणाले, "हसतुस काय बे? तुज्या घरात हाय का कुनाचं डोकं एवढं झाकलेलं?"

जॅकेटचं तर काय सांगू. दुकानातली जॅकेटं पुरुषांच्या खांद्याची आणि थंड मुलखातली. आपल्याकडं उन्हाळ्यात ती घातली तर माणूस अपघाताआधी उकडून जाईल. तू बालाजी भाऊजींच्या जुन्या जीन्सा उसवल्यास. बाहेरून दुहेरी जीन्स, काखेत आणि पाठीला जाळीचं कापड, कोपराशी आणि खांद्याशी आतून खिसे. त्या खिशांत काय घालायचं यावर आपलं भांडण झालं. तुला जुन्या चपलांचा स्पंज घालायचा होता. मी म्हटलं, टणक प्लॅस्टिकच्या वाट्या विकतच्याच. शेवटी आपला करार झाला: डोकं, कोपर आणि गुडघे विकतचे, बाकी सगळं घरचं. जीन्स घसटण्यापासून थोडं वाचवते, आपटण्यापासून वाचवत नाही, हे मी तुझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. बुटांचं आठवतं? डाव्या पायानं गिअर टाकताना जोडवं बोटात रुतायचं. जोडवी काढायची नव्हती आणि चप्पल घालून घाट उतरायचा नव्हता. मग बुटाच्या आत बोटाजवळ कापसाची पट्टी शिवलीस. चपलेचा सांधा शिवावा तशी, बारीक टाक्यांनी.

आणि बाही. गटातली एक जण नवऱ्यामागं बसून जाताना खड्ड्यात पडली. खरचटलं फारसं नाही, पण बांगड्या फुटल्या आणि काच मनगटात गेली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, गाडीवर बसताना बांगड्या काढत जा. ती घरी येऊन आपल्याला म्हणाली, "काढू कशा? नवरा पुढं बसलेला असतो." हसावं की रडावं. तू हसली नाहीस. तू त्याच संध्याकाळी मशीनवर बसलीस. मनगटापासून कोपराखालपर्यंत येणारी बाही, आत मऊ, बाहेर जाड, दोन्ही टोकांना पट्टी. बांगड्या आतच राहतात, खणखणत नाहीत, फुटल्या तरी कापडात अडकतात. कुणाला काही काढायला सांगायचं नाही, कुणाची समजूत घालायची नाही. तुझ्या सगळ्या वस्तूंमध्ये हीच बायांनी आपणहून मागितली. आधी आपल्या गावानं, मग खालच्या वस्त्यांनी, मग दिंद्रुडच्या बाजारातून निरोप आला.

तिथंच आपला वाद पेटला. तू पिशवीवर "सुरक्षा बाही" असं छापणार होतीस. मी म्हटलं, सुरक्षा लिहायचं नाही. हात मोडण्यापासून ही वाचवत नाही. "बांगड्यांची बाही" लिही, जे आहे ते. तू म्हणालीस, "आक्का, सुरक्षा लिव्हलं न्हाई तर घेतंय कोन? बांगड्यांची म्हनलं की म्हनतेत नट्टापट्टा." मी म्हटलं, घेतलं नाही तरी चालेल. तू म्हणालीस, "तुमाला चालंल. जिच्या मनगटात काच जाईल तिला न्हाई चालनार." खोटं लिहू नये हे मी म्हणते ते बरोबर आहे. आणि बाही हातात चढली पाहिजे हे तू म्हणायचीस तेही बरोबर आहे. पिशव्या कोऱ्याच राहिल्या. मी अजून तुझ्याशी भांडते आहे, संगीता, आणि एकटीनं भांडताना मला सारखं तुझंच पटतंय.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तालुक्याला गटांची बैठक असली की तुझी एक बाही माझ्या पर्समध्ये असायची. मी काही बोलायची नाही. चहाच्या वेळी पर्समधून रुमाल काढल्यासारखी बाहेर काढायची आणि टेबलावर ठेवायची. कुणीतरी विचारायचंच, "हे काय व ताई?" मग मी सांगायची, "आमच्या धाकट्या जावंचं काम हाय." हे वाक्य म्हणायला मला इतकं आवडायचं की काही बैठकांना मी तेवढ्यासाठी गेले आहे.

पण तुझं खरं काम बाज.

लशीच्या डब्यासाठी पहिलं रॅक तू धारूरच्या रशीदभाईंकडून वेल्डिंग करून घेतलंस. लोखंडी, भक्कम, मोटारसायकलीच्या मागं नटबोल्टानं आवळलेलं. रशीदभाई म्हणाले होते, "बैल बांदो इसपर, हिलेगा नहीं." ते हललं नाहीच. त्यामुळं रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ डब्यात गेला. पहिल्याच फेरीत बाटल्यांवरची कागदं घासून निघाली, एका बाटलीची मान तडकली. तू घरी आलीस ती रडवेली. खाली गोणपाट घालून बघितलंस, ते भिजलं. फोम घातलास, तो आठ दिवसांत दबून पापड झाला.

मामा अंगणात बाज विणत बसले होते. जुन्या बाजेची सुतळी बदलत होते. तू डबा हातात घेऊन त्यांच्याकडं बघत उभी राहिलीस, इतका वेळ की मामा म्हणाले, "काय? बसायचंय का?"

"मामा, रबराची बाज इनता येती का?"

"कुनाला निजवायचंय?"

"लशीला."

मामांना वाटलं सून थट्टा करतेय. पण तू सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबा आणल्यास, त्यांच्या पट्ट्या कापल्यास. रशीदभाईंकडून रॅकचा पत्रा काढून नुसती चौकट ठेवून घेतलीस. आणि ज्या माणसाला सुनेनं मोटारसायकल चालवणं पटत नव्हतं, त्यानं त्या मोटारसायकलीमागं पाट मांडून बसत रबराची बाज विणली. आडवी, उभी, आडवी, उभी. मधेच थांबून म्हणाले, "सुतळी ऐकती. ही बया ऐकत न्हाई." सगळी विणून झाल्यावर मुठीनं दाबून बघितली आणि तुझ्याकडं न बघता म्हणाले, "आन तुजं लेकरू." तू डबा ठेवलास. त्यानंतर एकही बाटली फुटली नाही. खड्ड्यात गाडी आपटायची आणि डबा नुसता झोके घ्यायचा. मामा पाराजवळ बसून तुझी गाडी गेली की बाजेकडं बघायचे. पट्टी सैल झाली की तुझ्याआधी त्यांना कळायची.

घाटात तू पडलीस त्या दिवशीचं मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतं, कारण तू उठून बसली होतीस आणि मी मागून जीपमधून येत होते. वळणावर खडी सांडलेली, समोरून म्हशी. गाडी आडवी, तू रस्त्याच्या कडेला. मी धावत आले तर तू हेल्मेटची काच वर करून म्हणालीस, "आधी डबा बघा, आक्का." मी आधी तुलाच बघितलं. जॅकेटचं कोपर फाटून आतली वाटी दिसत होती, खाली हात धड. बाहीच्या आत बांगड्या खळखळ वाजल्या, चुरा झालेल्या. मनगटाला रक्ताचा एक थेंब नाही. मग डबा बघितला. बाज जशीच्या तशी. तिथंच, खडीवर बसून, आपण दोघी वेड्यासारख्या हसलो. म्हशींचा मालक घाबरून पळाला.

घरी आल्यावर तू हेल्मेट हातात घेतलंस. मागं आपटलेलं, पण दिसायला नुसता ओरखडा. मामा म्हणाले, "चांगलं तर हाय. कुनाला तरी दे." तू कात्री घेतलीस आणि पट्टा कापून टाकलास. म्हणालीस, "आतून दबलंय का न्हाई ते दिसत न्हाई, मामा. पट्टा ठेवला तर कुनी तरी घालंल." आणि नवं आणायला वेणी घालून बीडला गेलीस.

म्हणून दहाव्याला मला काय करायचं ते कळलं. तुझ्या अंगावरचे कपडे रीतीप्रमाणं वेगळे काढले. तेव्हा हेल्मेटाचा प्रश्न आला. एक जण म्हणाली, नवंकोरं आहे, कुणाला तरी द्या. दुसरी म्हणाली, मेलेल्या माणसाच्या डोक्यावरचं नको, नदीत सोडा. दोघी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "हेल्मेट उसनं द्यायचं नसतं. ते तिच्या डोक्याला बसलेलं हाय, दुसरीला धोका हाय. हे तिनंच सांगितलेलं." आणि मी पट्टा कापला. कात्री जड गेली. गटातल्या बाया बघत होत्या, आणि ती पहिल्या दिवशीची, टोप घालून काय उपयोग म्हणणारी, तीही होती. ती म्हणाली, "तिनं घाटातलं बी असंच कापलतं ना?" मी म्हटलं, हो. तिनं ते कापलेलं हेल्मेट माझ्या हातून घेतलं आणि तुझ्या कपड्यांत नीट ठेवलं, वरची बाजू वर.

तेराव्यानंतर गाडी बघायला दिंद्रुडचा एक अंडीवाला आला. बालाजी भाऊजींनीच बोलावलं होतं. मी ओट्यावर उभी. मामा पाटावर. तो माणूस गाडीभोवती एकदा फिरला. टायर बघितलं नाही, इंजिन चालू करून बघितलं नाही. मागं गेला, वाकला आणि बाजेवर मूठ दाबली. परत दाबली. हसला.

"ताईंना बाजारात बघितलतं म्या," तो म्हणाला. "खड्ड्यातून गाडी जायची आन् डबा हालत नव्हता. गाडी कुटंबी भेटंल, दादा. मला ही बाज पायजे. माजी निम्मी अंडी वाटंत फुटत्यात."

बालाजी भाऊजी त्याच्याकडं बघतच राहिले. बाजेकडं बघितलं. तू गेल्यापासून त्यांना मी पहिल्यांदा काहीतरी नीट बघताना बघितलं. तुझ्या गाडीकडं ते आजवर बघायचे ते तू तिच्यावर बसलेली आहेस असं बघायचे. आता एक परका माणूस सांगत होता की तू काय केलं आहेस.

"बाज इकायची न्हाई," ते म्हणाले.

अंडीवाला गोंधळला. "मंग?"

मामा पाटावरूनच बोलले. "चौकटीचं माप घेऊन जा. धारूरला रशीदकडून करून आन. जुन्या ट्यूबा आन, भोकाच्या नको. इनून म्या देतो."

"आन् गाडी?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

बालाजी भाऊजींनी बाजेची एक पट्टी बोटानं ओढून बघितली. मग म्हणाले, "आक्का, दारात नको. बाकी तुमी म्हनाल तसं. चालू ऱ्हाऊ द्या."

संगीता, मी दुसऱ्याच दिवशी गट बोलावला. गाडी गटानं घ्यायची आणि लताच्या दारात उभी करायची, असं ठरलं. लता म्हणजे तुझीच लता, खालच्या वस्तीवरची, तुझ्याबरोबर प्रशिक्षण घेतलेली, तू जिला शाळेच्या मैदानावर गाडी शिकवताना "बिरेक! बिरेक!" म्हणून ओरडायचीस ती. तिचा नवरा टोळीबरोबर चाललाय, ती यंदा मागं राहतेय. ती आधी नको म्हणाली. म्हणाली, "आक्का, ती बाई किती उंच हुती. माज्यानं हुईल का?" मी म्हटलं, उंची बघून शेळ्या लस घेत नाहीत. वेणी घालून ती बीडला गेली, मी बरोबर होते. तिथला तो दुकानदार, आता सवयीनं, आम्ही आत शिरताच पाठ फिरवून उभा राहिला. त्याला तुझं सांगितलं. तो तसाच पाठमोरा उभा राहिला, आणि मग खिशातून रुमाल काढला.

परवा तिची पहिली फेरी झाली. तीन वस्त्या. लस सगळी पोचली, बर्फ टिकला, बाटली एकही फुटली नाही. मी वाट बघत ओट्यावर बसले होते. मला तिनं काय सांगावं असं वाटत होतं, तर लोकांनी तुझी आठवण काढली, रडले, असं काहीतरी. तिनं आल्या आल्या हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "आक्का, बाज लई वर हाय. काठ पाठीत रुततो, मागं सरकता येईना, टाकीवर चढून बसावं लागतंय. उतारावर पाय खाली टेकवाया जाते तर नुसत्या बोटांवर उभी ऱ्हाते. घाटात एकदा गाडी कलली."

मी म्हटलं, बघू.

मी बघू म्हटलं कारण मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की तुझ्या बाजेला कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा मीच पुसत होते. त्या चौकटीतला प्रत्येक कोन तुझ्या पायाच्या, तुझ्या पाठीच्या मापाचा. तो कापायचा म्हणजे तुझं माप कापायचं. संध्याकाळी मी एकटीच लताच्या दारात गेले आणि बराच वेळ गाडीपाशी उभी राहिले. अंबाड्याला घेतलेलं हेल्मेट बाजूला ठेवून बाजारात केस सोडणारी बाई तू. लताला म्हटलं असतंस, "लाजली तर डोकं गेलं." मला काय म्हटलं असतंस ते मी लिहीत नाही.

आज सकाळी मामांना सांगितलं. वाटलं, ते नाही म्हणतील. तुझ्यासाठी विणलेलं त्यांनी स्वतः. ते उठले. काठी घेतली आणि लताच्या वस्तीवर चालत गेले, मी मागून. तिला गाडीवर बसायला सांगितलं. "दोनी पाय खाली. टाचा टेकव. आता मागं सरक. अजून." तिच्या पाठीमागं बाजेच्या काठाशी हात आडवा धरला, चार बोटं, आणि खडूनं चौकटीवर रेघ मारली. मग खाली बसले आणि गाठ शोधून पहिली पट्टी सोडली. रबर ताठ झालंय, सुटायला वेळ लागला. लता म्हणाली, "मामा, म्या सोडू का?" मामा म्हणाले, "तू बस तशीच. हालू नको. माप चुकतंय."

उद्या चौकट घेऊन रशीदभाईंकडं मी जाणार आहे.